उडालेला पारा

वैशाख शुद्ध तृतीयेला सकाळी, धारूरच्या वेशीजवळच्या देवीच्या ओवरीत, पंचांनी सहा तोळे सोने माझ्या ताजव्यात घातले. मजुरी ठरली चाळीस रुपये, निजामाचा हाली शिक्का. हजर होते ते असे: पंचांचे मुख्य भगवानराव देशमुख, पुजारी, माझा धाकटा भाऊ किसन, आणि खांबाआड पदर घेऊन उभी असलेली माझी बायको सगुणा. देवीच्या तांब्याच्या कळसाला सोन्याचा मुलामा द्यायचा होता. जेवढे सोने तोलून घेतले तेवढे कळसावर चढले पाहिजे आणि कमी येईल ते सोनाराने भरून द्यायचे, हा आमचा रिवाज. तोही सर्वांसमक्ष बोलून झाला.

त्या कामाने मी आजारी पडलो आणि बरा झालो. सगुणा आजारी पडली, ती बरी झाली नाही. घरात पारा ठेवून काम करणाऱ्या माझ्या सोनार भावांनी हे वाचावे म्हणून जसे घडले तसे लिहितो.

*

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करायचा. तो स्वच्छ केलेल्या तांब्यावर फासायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा धूर होऊन जातो, सोने मागे राहते. मग अकीकाच्या दगडाने घोटले की झळाळी येते. सोन्याच्या आठपट पारा लागतो. तो आम्ही बार्शीहून आणला, नाक्यावर करोडगिरीची जकात भरून.

धूर करताना आम्ही दार-खिडकी बंद करतो. वडील करत, आजोबा करत. वाऱ्याने सोन्याची कणी उडू नये, आणि देवाच्या सोन्यावर येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडू नये, ही त्यामागची कारणे. शेगडीवर ओली फडकी टांगतो, म्हणजे धुराबरोबर काही गेलेच तर ते फडक्यात अडकते. काम झाले की फडकी जमिनीच्या केरात टाकतो. सोनाराच्या घरचा केर कधी उकिरड्यावर जात नाही. तो नोकराने लोटायचा नाही, घरच्या बाईनेच लोटायचा आणि रांजणात साठवायचा. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास झारेकरी येतो. केर धुऊन त्यातले सोने काढणे हा त्याचा धंदा. पण त्याआधी घरची बाई तो केर चुलीवर तव्यात भाजते. चिंध्या, केस, काड्या जळून जातात आणि केर निम्मा होतो. माझ्या आईने भाजला, आईनंतर सगुणाने.

ज्येष्ठ सरता कळस पुरा झाला. तोलला तेव्हा सोने दोन मासे चार गुंजा कमी भरले. मला त्याचे विशेष वाटले नाही. केरात निघेल, असे मी पंचांना सांगितले. त्यांनी मान्य केले.

*

पहिल्यांदा तोंड बिघडले. तांब्याचा पैसा चघळावा तशी चव, आणि लाळ इतकी की उशी भिजायची. हिरड्या सुजल्या, भाकरी कुस्करून दुधात घ्यावी लागे. मग हात गेले. वजनाची गुंज उचलून ताजव्यात टाकायची तर ती पारड्याबाहेर पडे. समोर कोणी बसले नसले तर कसेबसे जमे, पण गिऱ्हाईक बघतेय म्हटले की बोटे माझे ऐकत नसत.

सर्वांत वाईट बदल स्वभावात झाला, आणि त्याची मला लाज वाटते. वीस वर्षे ज्या बाजारात बसलो तिथे जायची भीती वाटू लागली. कोणी हाक मारली तर मी आतल्या खोलीत जाऊन बसे. क्षुल्लक गोष्टीवरून किसनवर धावून जाई आणि मग एकटाच रडत बसे.

सगुणा एकदा जवळ बसून म्हणाली, "आवं, कावून रडायलाव? काय झालं ते सांगा तरी."

"काही झालं नाही."

"मग भावजींच्या अंगावर फुंकणी कशापायी फेकली? ते काय दुष्मन हायेत का तुमचे?"

वैद्याने वात सांगितला. एका भगताने करणी सांगितली आणि कोंबडे मागितले. सगुणाने कोंबडे दिले. शेवटी किसनने गाडी जुंपली आणि मला बीडच्या दवाखान्यात नेले.

*

डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, मुसलमान गृहस्थ. त्यांचे मराठी मोडके होते, पण कळायचे. त्यांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभही थरथरत होती. हिरड्या पाहिल्या. मग कागद पुढे करून म्हणाले, "सही करा."

मी सही केली. पावसात भिजलेल्या किड्याने कागदावर चालावे तशी ती उमटली. त्यांनी ती बघितली आणि विचारले, "धंदा काय?"

"सोनार."

"पारा?"

"पिढीजात."

"धूर करता तेव्हा दार उघडं?"

"नाही साहेब. सोनं उडतं."

"सोनं नाही उडत. पारा उडतो. तो तुमच्या अंगात बसलाय."

मी म्हणालो, "पारा मी कधी तोंडात घातला नाही."

"तोंडात नाही घातला. नाकानं ओढला."

त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता, धीरही नव्हता. माझे हात परत येतील का, एवढेच मी विचारले. ते म्हणाले, "पाऱ्यापासून दूर राहिलात तर बहुतेक येतील. पुन्हा जवळ गेलात तर नाही." 'बहुतेक' हा शब्द मी पुढे रोज मनात तोलत राहिलो.

किसनला मी तिथेच निरोप दिला: घरी जाऊन पाऱ्याची बाटली उचल आणि गोठ्यात नेऊन ठेव, कोणी हात लावू नये. त्याने तसेच केले. घरातला पारा संपला, असे मी धरून चाललो.

*

दवाखान्यातले दिवस एकसारखे असत. सकाळी कंपाउंडर औषधाचा पेला आणि तुरटीचे पाणी आणी. तुरटीने तोंड धुवायचे, औषध घ्यायचे, दूध प्यायचे, पडून राहायचे. संध्याकाळी डॉक्टरसाहेब खाटेखाटेवरून जात आणि माझ्या हातात सुई-दोरा देत. ओवली जाईल तेव्हा घरी, असा त्यांचा हिशेब.

शेजारच्या खाटेवर घाटनांदूरचा गाडीवान लिंबाजी होता. त्याच्या पायावरून त्याचीच गाडी गेली होती. माझ्या हातातला पेला हिंदकळला की तो ओरडे, "ओ सोनार, दूध पिता का देवाला अभिषेक घालता बे?"

एरवी असे कोणी बोलले असते तर मी तोंड फिरवून रडलो असतो. त्याच्या बोलण्याचे तसे वाटत नसे. तोच हात लांब करून माझा पेला खालून धरी आणि म्हणे, "प्या. मी बघत न्हाई तुमच्याकडं." आणि खरोखर भिंतीकडे बघे. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

पोळा झाल्यावर सगुणा किसनबरोबर भेटीला आली. परपुरुषांची खोली म्हणून तोंडावर पदर धरूनच खाटेच्या पायथ्याशी बसली. दोन्ही हात पदरात होते. मला वाटले, लाजते आहे. तिच्या गळ्यातले मंगळसूत्राचे डोरले मात्र नव्यासारखे पिवळेजर्द झळकत होते.

मी म्हणालो, "डोरलं चकाकतंय की."

"चिंचेनं घासलं."

मग तिने विचारले, "जिवाला धोका न्हाई ना? डागदर काय म्हणतात? खरं सांगा."

"नाही म्हणतात."

"न्हाई म्हणत्यात ना? बरं." आणि मग, "देवीचं कमी आलेलं सोनं, त्याचा घोर लावून घेऊ नगा. ते मी बघते. तुमी निस्ते बरे व्हा."

ती नवस बोलली असेल असे मी समजलो. पुढे काही विचारले नाही.

भाद्रपद उतरता सुई ओवली गेली. पहिल्या खेपेला नाही, पण ओवली. लिंबाजीने खाटेवरून हाळी दिली, "ओवली रे! सोनार ओवला रे!" कंपाउंडरने त्याला दटावले. डॉक्टरसाहेबांनी पहिल्यांदा हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

*

घटस्थापनेच्या आत घरी आलो. घरी मी पाऱ्याला शिवलो नाही, गोठ्याकडे फिरकलो नाही, मुलाम्याचे काम आले ते परत केले. तरी आठ-दहा दिवसांत तोंडाला तीच तांब्याची चव आली आणि लाळ सुटली. गुंज पुन्हा पारड्याबाहेर पडली. डॉक्टरसाहेबांचा तो 'बहुतेक' उलटला, असे मनात आले. मी कोणाशी बोलेनासा झालो.

सगुणाही बदलली होती. तिच्या हातून तांब्या पडे, परात पडे. ती खात नव्हती, चेहरा सुजट दिसे. मी विचारले तर म्हणे, "नवरात्राचे उपास हायेत." मी आपल्याच दुखण्यात होतो. घरात दोन माणसे एकाच रीतीने थरथरत आहेत, हे शेजारी बसून मला दिसले नाही.

एका दुपारी पाऊस झोडपत होता. पाणी घ्यायला मी स्वयंपाकघराकडे गेलो तर दार आतून लोटलेले. उघडले. चुलीवर तवा होता, तव्यात केर. धूर खोलीत कोंडलेला. सगुणा चुलीपुढे वाकून बसली होती आणि थरथरत्या हातातल्या चिमट्यात डोरले धरून निखाऱ्यावर तापवत होती. तिचा गळा मोकळा होता. लग्न झाल्यापासून तिचा मोकळा गळा मी पाहिला नव्हता.

"हे काय चाललंय? गळा मोकळा कशाला?"

ती दचकली. चिमटा खाली पडला. डोरले निखाऱ्याच्या कडेला पडले आणि मी ते पाहिले. अर्धे पिवळे, अर्धे चांदीसारखे पांढरे.

"पांढरं पडायलंय वं ते," ती म्हणाली. "तुमी दवाखान्यात गेलतात तवापासून. पिवळं करते, चार दिवसांनी पुन्हा पडतंय."

"त्याला पारा लागलाय."

"पाऱ्याला मी हात लावला न्हाई. बाटली भावजींनी गोठ्यात ठिवली, तिकडं पाऊल बी टाकलं न्हाई. देवीची आण."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?" तिचा आवाज चढला. "तुमी तिकडं खाटंवर पडलेले. अन् हितं माझं डोरलं पांढरं पडायलंय. ते कशाचं लक्षण हाय हे बाईमाणसाला कळत न्हाई का? कोन्या तोंडानं सांगू? म्हणून पिवळं करून घालत होते. भेटीला आले तवा बी करून आले."

ती सोनाराचीच लेक. पांढरे पडलेले सोने विस्तवावर धरले की पिवळे होते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. बोलताना तिचा पदर सरकला होता. तिच्या हिरड्या मी पाहिल्या. माझ्या होत्या तशाच, माझ्याहून वाईट.

*

दुसऱ्या दिवशी गाडी बीडला. डॉक्टरसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पारा बंद केला होता ना?"

"केला साहेब. बाटली घरात नाही."

त्यांनी डोरले मागून घेतले, उजेडात धरले. "मग हे काय? मियाँ, पारा उडतो उडतो म्हणता. उडून जातो कुठं?"

"आभाळात."

"दार तर बंद असतं."

दार बंद असते. भिंती, आढे, जमीन, ओली फडकी. मी एकेक मनात मोजत होतो आणि शेवटी एकच गोष्ट उरली.

डॉक्टरसाहेबांनी विचारले, "केराचं काय करता?"

उत्तर सगुणाने दिले. परक्या पुरुषाशी ती पहिल्यांदाच बोलली. "भाजते. दर साली एकदाच भाजतात. यंदा देवीचं सोनं कमी आलतं, म्हणून थोडा थोडा करून रोज भाजला. कणी वाया जाऊ नये म्हणून दार लावून."

डॉक्टरसाहेब खुर्चीवर बसले. मला बाहेर नेऊन म्हणाले की धुरातला पारा केरात उतरला होता. तव्यावर तो दुसऱ्यांदा उडाला, आणि या वेळी तिच्या तोंडासमोर. मी घरी गेलो तो त्याच धुरात गेलो. डोरले तापवले की त्याच्यावरचा पाराही तिच्याच छातीत. माझे हात पुन्हा सुधारतील. तिचे मूत्रपिंड गेले आहे, ते सुधारेलच असे नाही.

*

बायकांच्या खोलीत मला दिवसा बसू देत. पाटोद्याला दिलेली आमची मुलगी गोदा आली आणि आईजवळ राहिली. सगुणाची सूज वाढत गेली, लघवी बंद होत आली. शुद्ध असे तेव्हा ती घरचेच विचारी: म्हैस, लोणच्याची बरणी, किसनचे जेवण.

एका सकाळी तिने मला जवळ बोलावले.

"डागदर म्हणले ते मला नीट सांगा. डोरलं पांढरं पडलं ते पाऱ्यानं?"

"हो."

"केरातल्या?"

"हो."

"मंजी तुमच्या जिवाचं त्यात काई नव्हतं?"

"काही नव्हतं."

तिने डोळे मिटले. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटलं होतं."

यानंतर ती माझ्याशी पुष्कळ बोलली असेल, पण मला आठवते ते एवढेच. दिवाळीच्या आधी ती गेली. गळ्यातून डोरले काढताना गोदाचे हात कापत होते. तिला आजार नव्हता.

*

माझे हात परत आले आहेत. बारीक जाळीचे काम जमत नाही, बाकी जमते. दात तीन गेले. रडू अजून अधूनमधून येते, ते पाऱ्याचे की दुसऱ्या कशाचे, हे डॉक्टरसाहेबांनाही सांगता आले नाही.

आता जे सांगायचे ते सरळ सांगतो. पाऱ्याचा मुलामा सोडता आला तर सोडा. सोडता येत नसेल तर घरात करू नका, मोकळ्या माळावर करा, वारा पाठीशी घेऊन, लेकरे-बाया लांब ठेवून. तोंडाला फडके बांधले की झाले असे समजू नका, धूर फडक्यातून येतो. बाटली घट्ट बंद असू द्या. सांडलेला पारा हाताने वेचू नका आणि तिथे विस्तव तर मुळीच नेऊ नका. त्या कामाचे कपडे घरात आणू नका, त्या जागी भाकरी खाऊ नका. आणि तो केर भाजू नका. पारा दिसत नाही म्हणजे नाही, असे नसते. घरात कोणाचे सोने आपोआप पांढरे पडले तर ते लक्षण कोणाच्या नशिबाचे नाही, घरातल्या हवेचे आहे. तापवून पिवळे करू नका. घर सोडून बाहेर या.

*

दिवाळीनंतर झारेकरी आला. मी केर दिला नाही.

"मामा, लई सोनं हाय त्यात," तो म्हणाला. "देवीच्या कळसाचं. दर वाढवून देतो."

"आहे ते मला माहीत आहे. तुझ्या घरीही चूल आहे."

रांजणाचे तोंड चिखलाने लिंपून, किसनने आणि मी तो गाडीत घातला. ओढा-विहिरीपासून लांब, माळावरच्या मुरमाड जागी खोल खड्डा करून रांजणासकट पुरला. स्वयंपाकघराची जमीन उकरून ती मातीही तिथेच टाकली.

आता केरातून देवीचे सोने निघणार नव्हते आणि देणे उभे होते. सगुणाच्या डोरल्यावर हक्क गोदाचा. मी तिला विचारले. ती म्हणाली, "बा, आईनं ज्याच्यापायी भाजलं त्यालाच जाऊ द्या."

पौषात त्याच ओवरीत पंच बसले. मी डोरले ताजव्यात घातले. दोन मासे चार गुंजा भरले, म्हणजे कमी आलेल्या सोन्याइतकेच. पण माझ्या वडिलांनी लग्नात ते घडवले तेव्हा दोन मासे दोन गुंजा होते. वरच्या दोन गुंजा पाऱ्याच्या, आणि इतक्या वर्षांत सोने झिजले असेल तेवढा पारा आणखी. नेमका किती, हे तापवल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझ्या अंगठीचा चार गुंजांचा तुकडा वर घातला.

भगवानराव मला म्हणाले, "पोतदार, वजनाचं राहू द्या. पण जरा तापवून पिवळं करून द्या की. देवीपुढं पांढरं कसं ठेवायचं?"

"मी तापवणार नाही. तुम्हीही तापवू नका. डबीत बंद करून ठेवा."

भगवानरावांनी पुजाऱ्याला डबी आणायला सांगितली. मजुरीचे चाळीस रुपये मला आधीच पोचले होते. ते दवाखान्याच्या मुक्कामात आणि दिवसकार्यात गेले. पंचांनी लिहून घेतले: कळसाचे कमी आलेले सोने देवीस पावले, बाकी काही नाही. देणाराचे नाव विचारले तेव्हा मी सगुणाचे सांगितले.

डबी देवीच्या पेटीत आहे. डोरले अजून पांढरेच आहे.